नेमगोंडाचं मीठ

भाद्रपद शुद्ध ३, कोल्हापूर

वहीबाबा, लिहायला फार उशीर केला. रागावू नकोस. आषाढातलं पान अर्धं सोडलं होतं, ते अजून अर्धंच आहे. दाव्याच्या घोरात हात चालत नव्हता.

काल हातकणंगल्याला आगगाडीत बसलो आणि इथे उतरलो. विहिरीचा दावा या पंधरवड्यात सुनावणीला लागला आहे. ऐन पर्वाच्या तोंडावर! वकील म्हणतात, पुकार कोणत्या दिवशी होईल ते सांगता येत नाही, गाव सोडू नका, वादी हजर नसला तर दावा निघून जातो. वादी मी. प्रतिवादी माझा चुलतभाऊ नेमगोंडा. मोटेच्या सकाळच्या पाळीवरून भांडण झालं त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं नाही. दावा जिंकलो की त्याला विहिरीवर पाय ठेवू देणार नाही.

राहतो शिवाजी पेठेत, गुंडूकडे. तो आमचा गूळ घेतो. माणूस बरा, पण घर खाणारं. श्रावण संपला तसं काल मटण शिजलं. मी सोप्यात तोंडाला धोतर लावून बसलो. गुंडू म्हणतो, "आण्णा, रस्सा नको तर ऱ्हाऊ द्या. भाकरी तरी खावा की. भाकरीत काय हाडं असत्यात व्हय?"

मी माझी शिदोरी खाल्ली. दोन भाकऱ्या उरल्या.

भाद्रपद शुद्ध ४

गणपती म्हणून आज गुंडूकडे गोड होतं. मोदक पुढे केला. पण पातेलं तेच, परवाचं. नाही खाल्ला. त्याची बायको आतून म्हणाली, "पावण्यांना आमच्या भांड्यांची शिसारी येती." येतेच. शेवटची भाकरी वाळून खापरी झाली आहे.

भाद्रपद शुद्ध ५

आजपासून आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व. दहा दिवस कांदा-लसूण नाही, कंद नाही, दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. आणि या गावात मी सकाळपासून अन्न शोधत हिंडतोय! गावभर तालमी, आणि पैलवानांच्या गावात मटणाला तोटा नाही.

पहिल्या खानावळीच्या दारातूनच परत फिरलो. दुसरीत बटाटा, वर लसणाची फोडणी. म्हटलं, हे काढून वाढा. तो म्हणाला, "मग ऱ्हातंय काय पावणं? ताटच खावा." सगळे हसले. तिसरीत सगळं चालण्यासारखं होतं, पण पंगत दिवा लागल्यावर. माझं नशीब.

गौस फुटाणेवाल्याकडे तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो म्हणाला, "पावणं, सकाळधरनं फुटाणंच. दात सोताचं हायत का उसनं आणल्यात?" मी चिडून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग बस्तीत जावा की. तुमच्यातलंच सैपाकघर लागलंय मागच्या अंगाला. वास हितवर येतोय, आन् तुम्ही फुटाणं चावताय."

बस्ती म्हणजे आमचं देऊळ. सकाळीच दर्शन घेऊन आलो होतो. मागच्या अंगाला गेलोच नव्हतो. हे मला गौसने सांगावं!

भाद्रपद शुद्ध ६

काल संध्याकाळी आणि आज दोन्ही वेळा बस्तीत जेवलो. पर्वासाठी आलेल्या परगावच्या लोकांना तिथे जेवायला घालतात. रांधणारी एक विधवा बाई, सगळे तिला आक्का म्हणतात. पाणी गाळून घेते. चूल दिवसाउजेडी विझवते.

दोष काढायलाच बसलो होतो. शाळूची भाकरी, कड एवढी पातळ की पलीकडचं दिसावं. उडदाचं घुटं, त्याला नुसती जिऱ्याची फोडणी. दोडक्याची भाजी तिळाचं कूट लावून. कारळ्याची चटणी. लसणावाचून चटणीला चव येते हे मला या वयात कळलं. दोष सापडला नाही. चार भाकऱ्या खाल्ल्या. आक्का म्हणाली, "आण्णा, उद्याचं पण आजच खाताय व्हय?"

भाद्रपद शुद्ध ७

घात झाला.

पानावर बसलो होतो. वाढणारा पुढे आला. वर बघतो तर हातात डाव घेऊन नेमगोंडा! म्हणाला, "दादा, भाजी वाढू?" तीन वर्षांनी पहिलं बोलणं, आणि ते भाजीचं.

पर्वाचं अन्नदान यंदा त्याचं आहे. धान्य त्याचं, दोडका त्याच्या मळ्यातला, तेल-मीठ सगळं त्याचं. मी दोन दिवस त्याचं खातोय. आई सांगायची, खाल्ल्या मिठाला जागावं. आता मी त्याच्याविरुद्ध शपथ कशी घेऊ? त्याने मुद्दामच केलं असणार. नाही, मी या पंगतीला येणार हे त्याला कुठे ठाऊक होतं? तरी मुद्दामच.

पानावरून उठलो. तांब्याभर पाणी प्यालो. खाल्लेलं मीठ पाण्याने निघत नाही, हे कळतं मला.

भाद्रपद शुद्ध ८

इलाज सापडला. पर्वात कोणी तूप सोडतं, कोणी गूळ. मी मीठ सोडलं. आक्काला तसं सांगितलं. आता खाल्लं तरी त्याचं मीठ नाही.

भाद्रपद शुद्ध ९

अळणी घुटं घशाखाली उतरत नाही. गेलो नसतो, पण दुसरीकडे जाणार कुठे?

भाद्रपद शुद्ध १०

आज आक्काने दोन भांडी वेगळी काढली. एक माझं. दुसरं कोणाचं विचारलं तर म्हणाली, "नेमूचं. कालधरनं त्यानंबी मीठ सोडलंय. म्हणतोय, दादा अळणी खाणार आन् म्या खारट, बरं दिसत न्हाय."

ढोंग! तिथेच बोललो. नेमगोंडा समोर जेवत होता. रागावला नाही. म्हणाला, "दादा, मीठ सोडलंस, बरं केलंस. पर पाणी कसं सोडणार? ह्या दोडक्यात आपल्याच विहिरीचं पाणी हाय की."

पंगत हसली. मी भाकरी तशीच टाकून आलो. 'आपल्याच' म्हणे.

भाद्रपद शुद्ध ११

पुकार उद्या. वकिलांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं: विहीर माझ्या वडिलांनी एकट्याने खोदली, चुलत्याचा हात लागला नाही. शपथेवर सांगायचं.

मी विचारलं, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध शपथ चालते का? ते म्हणाले, कोर्ट मीठ विचारत नाही.

मग त्यांना दुसरीही गोष्ट सांगितली. मी सात वर्षांचा होतो. बाबांच्या हातात पहार होती, काकांच्या हातात कुदळ. पाणी लागलं तेव्हा काकांनी पहिली ओंजळ माझ्या तोंडाला लावली. मचूळ होतं. मी थुंकलो, तर दोघेही हसले. वकील म्हणाले, "हे उद्या बोलू नका."

संध्याकाळी जेवायला गेलो नाही. भूक आहे.

भाद्रपद शुद्ध १२, हातकणंगले स्टेशन

सकाळी आक्काकडे गेलो. चिमूटभर मीठ मागून घेतलं, भाकरीवर घातलं, खाल्लं. पुकार होईपर्यंत थांबलो नाही. आगगाडीने निघून आलो.

आक्काकडे चिठ्ठी ठेवली आहे:

"नेमू, मीठ खा. सकाळची मोट तू धर. माझी दुपारची पाळी कोणत्या दिवसापासून, तेवढा निरोप लवकर धाड. बैल तयार आहेत."