पाखरं, पासवर्ड आणि मी

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे, मेहुण्यांचा खोकला आणि वरच्या मजल्यावरच्यांशी तुझं भांडण, सगळं व्यवस्थित चालू असेल. (परवा तुझ्या नंबरावरून ‘आम्ही मजेत’ एवढाच निरोप आला. त्यात एकही तक्रार नव्हती, तेव्हा तो तूच पाठवलास यावर माझा विश्वास नाही.)

मी इतका संशयी कसा झालो, ते ऐक. इथल्या कॉलेजात उद्योजकता शिकणाऱ्या मुलांना ऑनलाइन फसवणुकीपासून सावध करायचं ठरलं. कॉम्प्युटरच्या मास्तरांनी मुलांची परीक्षा घ्यायला खोटे ईमेल पाठवले, पण भाषा इतकी रुक्ष की कुणी ढुंकून पाहिलं नाही. तेव्हा व्यापार शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, निवृत्त झालेल्या कवितेच्या सरांना बोलवा. (याला हल्ली आंतरविद्याशाखीय सहकार्य म्हणतात. आमच्या वेळी एकमेकांच्या तासाला डोकावलं तरी भांडणं व्हायची.) बाईंनी आमिष सुचवायचं, मी शब्द द्यायचे, मास्तरांनी खाली लिंक जोडायची.

मी लिहिलं, एका निपुत्रिक वृद्ध उद्योजकाला तुमच्यात आपलं हरवलेलं तारुण्य दिसलं आहे, तो भांडवल देऊ इच्छितो, पासवर्ड तेवढा कळवा. (सांजवेळ आणि घरी परतणारी पाखरं माझ्या हौसेची.) सगळा वर्ग गळाला लागला. एका मुलीनं तर पासवर्डाखाली ‘आजोबा, वेळेवर जेवता ना?’ असं विचारलं. प्राचार्यांनीही पासवर्ड दिला, आणि त्यांना तर आम्ही पाठवलंही नव्हतं. मास्तर म्हणाले, “सर, तुम्ही उगाच शिक्षक झालात.”

मुलं सावध झाली, फारच झाली. आता मी ‘सुप्रभात’ म्हटलं तरी आधी खिडकीबाहेर बघून खात्री करतात. आणि बँकेतून फोन आला की मी त्यांचीच उलटतपासणी घेतो. काल खऱ्या मॅनेजरबाई रडकुंडीला आल्या.

तुझा,
दादा

ता. क. पुढच्या गुरुवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. सोबत घरचं माणूस नसेल तर डॉक्टर हात लावणार नाहीत. हे मी भाच्याला फोनवर सविस्तर लिहिलं होतं. त्यानं ‘आमच्या मामाच्या नावानं लोकांना लुबाडता, लाज वाटत नाही?’ असं कळवून मला ब्लॉक केलं. (कॉलेजातला पराक्रम मीच त्याला फुशारकीनं सांगितला होता.) म्हणून हे हातानं लिहितोय. बुधवारपर्यंत ये. मला भीती वाटते गं.

ता. क. दुसरा. आलीस की दाराबाहेरून शाळेतली ती नदीची कविता म्हण. तिसऱ्या ओळीला तू कायम अडायचीस आणि पुढं नुसतं गुणगुणायचीस. बिनचूक म्हटलीस तर दार उघडणार नाही.