आत असलेली गाडी बाहेर असल्याबाबत

झेंडूचा हार, बॉनेटवरून बंपरपर्यंत.
डिकीत आडवा ठेवलेला वॉकर.
चाकाखाली चिरडलेलं लिंबू.
अल ऐन, सकाळची फिजिओथेरपी.
"मॅडम, आपका गाडी अंदर है."

या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे कोणीही विचारील. वादी पार्किंग कंपनीने विचारले नाही. थेट दावा लावला. म्हणून हा अर्ज.

प्रति,
माननीय न्यायाधीश,
लघु दावे न्यायालय, दुबई.

विषय: खासगी पार्किंगच्या शुल्काचा दावा आणि माझ्या गाडीची नोंदणी रोखण्याची मागणी फेटाळण्याबाबत.
संदर्भ: वादीची नोटीस, जी मी त्याच गाडीत बसून वाचली.

महोदय,

१. सोबत अरबी भाषांतर आहे. उपरोधाचे वेगळे पैसे पडतील असे भाषांतरकार म्हणाले, म्हणून तो मराठीतच ठेवला आहे.

२. मी करामात राहते. आमच्या इमारतीला पार्किंग नाही, त्यामुळे शेजारच्या वादीच्या जागेत पैसे भरून गाडी लावत असे. तेथील कॅमेरा नंबरप्लेट वाचून आत-बाहेरची नोंद करतो. गेल्या दसऱ्याला सकाळी मी तिथेच गाडीची पूजा केली: हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, पुढे झेंडूचा हार. हार नंबरप्लेटवर आला. तो आपण होऊन गळेपर्यंत काढायचा नसतो, अशी आमच्याकडची रीत. वादीकडे याबद्दल नियम नाही, ही त्यांची मोठीच गैरसोय.

३. बाहेर पडताना कॅमेऱ्याला फक्त झेंडू दिसला. फाटक उघडेना. रखवालदार अफनान यांनी ते हाताने उघडले आणि "यल्ला मॅडम, हॅपी दिवाली!" म्हणून निरोप दिला. सण चुकला, पण गाडी बाहेर गेली. संध्याकाळी मुलगा आणि मी परतलो तेव्हा हार वाटेतच गळून गेला होता. कॅमेऱ्याने नंबर लख्ख वाचला आणि फाटक बंदच ठेवले. "मॅडम, आपका गाडी अंदर है," अफनान म्हणाले. मी म्हटले, "भाईसाब, मैं गाडी में बैठी हूँ." ते म्हणाले, "वो तो दिख रहा है. लेकिन सिस्टम में अंदर है."

तेव्हापासून मी गाडी दुसरीकडे लावते आणि वादी तिचे भाडे लावतो.

४. परिच्छेद ४ आत गेला आहे. बाहेर आल्याची नोंद नाही.

५. वादीच्या ऑफिसातील शहनाझ मॅडमनी तोडगा सुचवला: "पहले आप गाडी बाहर निकालिए, फिर फाइल खलास, इन्शाल्ला." मी त्या दिवशीची टोलची नोंद दाखवली. त्यावर लेखी उत्तर आले की टोलवरून गेलेली गाडी माझी असेल, पण ती त्यांच्या जागेतून बाहेर पडलेली गाडी नव्हे. हे उत्तर मी अनेकदा वाचले. दर वेळी अधिक पटते.

६. आता मुद्द्याचे. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाच्या, अंशच्या पायाचे ऑपरेशन ज्या डॉक्टरांनी केले ते दीड तासावरच्या अल ऐनला असतात. आठवड्यातून तीनदा त्याला तिथे फिजिओथेरपीसाठी न्यावे लागते. आता थांबलो तर पाय आहे तसाच आखडून राहील, असे त्यांनी लिहून दिले आहे. माझे पती वासुदेव रुवैसला रिफायनरीत आहेत. ते सुट्टीलाच घरी येतात. गाडी मीच चालवते. तिची मुल्किया, म्हणजे नोंदणी, या महिनाअखेर संपते, आणि शुल्क भरेपर्यंत ती नवी करू देऊ नये अशी वादीची मागणी आहे. शुल्क रोज वाढते, कारण गाडी रोज आत असते. "बसचा पर्याय उपलब्ध आहे," असेही दाव्यात म्हटले आहे. बसच्या पायरीवर अंशला कोण उचलून घेणार, ते लिहायचे बहुधा राहून गेले.

हा मजकूर अंशने वाचला. म्हणाला, "आई, जस्ट टेल देम इट वॉज फ्लावर्स." सांगितले आहे.

७. सबब विनंती:
(अ) वादीने आपल्या जागेत उभी असलेली माझी गाडी न्यायालयासमोर हजर करावी.
(आ) ती सापडल्यास खुशाल जप्त करावी. चावीही देईन. चालत नसल्यास धक्का मारायला येईन.
(इ) मी चालवते ती उरलेली गाडी मात्र सोडावी. तिला मंगळवारी अल ऐनला जायचे आहे.

आपली नम्र आणि सर्वस्वी बाहेर असलेली,
सुचित्रा वासुदेव धारप
करामा, १४ जानेवारी २०२६

सोबत: टोलची नोंद. त्या दिवशीची हॉस्पिटलची पावती. डॉक्टरांचे पत्र. वादीच्या जागेचा आजचा फोटो: माझ्या गाडीच्या जागी कोणाची तरी पांढरी व्हॅन.

ही गाडी घेतली त्या दिवशी अंश शोरूमभर धावत होता.