जामसिंगचा पत्ता

४ फेब्रुवारी
हिलालचा पुन्हा फोन. ब्राह्मणपुरीचा हा पोरगा हौशी रेडिओची परीक्षा पास झालाय, लायसन हातात आहे, सेट मांडून बसलाय — आणि मी त्याला पत्ता देत नाही! “भाऊ, मन्हा पत्तानं काय व्हयनं?” समजावलं — सेटवरून टाइप केलेला निरोप नेमका तुझ्याच सेटवर पोचायचा तर आकड्यांचा पत्ता लागतो, आणि जिल्ह्यात ते वाटायचं काम माझ्याकडे असलं तरी वाट्याला आलेले सगळे वाटून झालेत. म्हणाला, “मन्हा गावना पिनकोड शे ना, तोच टाक.”
हसलो. फोन ठेवल्यावर हसू गेलं.

५ फेब्रुवारी
वापरात नसलेला पत्ता एकच. जामसिंगचा. वर्ष होत आलं, त्याचा सेट गप्प आहे. नियम असा — सहा महिने ऐकू आला नाही तर पत्ता काढून घ्यायचा. मला पत्ते नेमून देणाऱ्या धर्मेंद्र सरांनी आज धुळ्याहून तेच बजावलं. महिनाअखेरीस हिलालची सोय झालीच पाहिजे.
पण मोलगीच्या वर, त्याच्या पाड्यावर फोन लागत नाही. त्याची वहिनी कालीबाई बाळंतपणात अडली तेव्हा त्याचाच निरोप इथे खापरला माझ्या दुकानात उमटला आणि मी गाडी पाठवली. पत्ता गेला तर पाड्याला उरलं काय?

९ फेब्रुवारी
मोलगीच्या जीपवाल्याला विचारलं. जामसिंग गेल्या होळीनंतर अंकलेश्वरकडे कामाला गेला तो गेलाच. जीपवाला म्हणाला, होळीला येईल, होळीला कोण येत नाही?
होळी मार्चात!

१० फेब्रुवारी
सरांना लिहिलं, होळीपर्यंत थांबा. पाठवण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा पुन्हा तपासले. दहावी नापासाचं पत्र वाटायला नको. उत्तर लगेच आलं — “भाग्येश, एकासाठी थांबलो की सगळे थांबा म्हणतील.”

२० फेब्रुवारी
अक्कलकुव्याच्या नवनीतचा सेट चालेना. फोनवर सगळी बटणं तपासून घेतली. शेवटी कळलं, एंटेनाची वायर लावलेलीच नाही. वर म्हणे, तू कुठं विचारलंस! खरंच विचारलं नव्हतं. लक्ष ठिकाणावर नाही.

२७ फेब्रुवारी
केलं. हिलालला माझा पत्ता दिला. मी बाहेर, जामसिंग आत. सरांना सांगितलं, माझा मी स्वतःहून सोडतोय, नियमात बसतं. ते म्हणाले, वेडा आहेस.
मग सगळ्यांना रेडिओवर कळवलं — जुन्या पत्त्यावर आता हिलाल आहे, अडचण आली तर मला फोन करा. सगळ्यांची पोच आली. सेट बंद करून वर फडकं टाकलं. दुकान मुकं वाटतंय.

१३ मार्च
आज होळी. दुपारी एकदम डोक्यात आलं आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. सगळ्यांना कळवलं — म्हणजे ज्यांचे सेट चालू होते त्यांना! ज्याच्यासाठी हे केलं त्याला कुठे ठाऊक?
हिलालला सांगितलं, सेट बंद करू नकोस, त्याचा निरोप आला तर तुझ्याकडेच येईल.

१५ मार्च
हिलालचा फोन. “भाऊ, एक जण तुले बलाई ऱ्हायना, मन्हा सेटवर.” वाच म्हटलं. जामसिंगच. होळीला आला होता. आता बायका-पोरांना घेऊन कायमचा निघालाय, सेट काढतोय. पत्ता दुसऱ्या कुणाला दे म्हणतो.
तेवढ्यात हिलाल म्हणाला, अजून एक ओळ आली — “भाग्येशभाऊ, बरा आहेस ना?”
“मी काय लिखू?” हिलालने विचारलं.
म्हटलं, लिही — बरा आहे.