माळकऱ्यास दिलेले पत्र मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. संरक्षण अधिकारी,
महिला व बाल विकास विभाग, एरंडोल.

विषय : अमृत अभिमन पाटील यास मी दिलेले सद्वर्तनाचे पत्र रद्द करून माझा जबाब नोंदविण्याबाबत.

संदर्भ : सौ. दिपमाला अमृत पाटील, रा. सोनवळ, यांची मारहाणीची तक्रार.

महोदया,

सोनवळ गावात मी बावीस वर्षे कीर्तन करतो. हे सांगण्यात आता मोठेपणा राहिलेला नाही, पण पुढचे समजण्यास ते लागते.

१. अमृत दारू पिऊन बायकोस मारी. दिपमाला मजकडे आली. सप्ताहाच्या मंडपात सर्वांसमक्ष मी अमृतच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. दारू सुटली. गावाने माझा सत्कार केला व तो मी घेतला.

२. दीड महिन्याने ती पुन्हा आली. म्हणाली, "महाराज, आते तो पेत नही. आंग धोईसन मारस." आंघोळ करून, शुद्धीत मारणाऱ्यावर माझ्यापाशी उपाय नव्हता. तसे कबूल न करता मी म्हणालो, "माय, आते तो माळकरी शे. थोडं सोसी ले." वर तिलाच एकादशी धरायला लावली. हे लिहिताना लाज वाटते.

३. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचा डावा हात फडक्यात बांधलेला होता. मी उजव्या हातावर प्रसाद ठेवला आणि पंगतीला गेलो.

४. तक्रार झाल्यावर अमृतने मजकडून पत्र नेले. "शांत स्वभावाचा माळकरी, घरात वाद नाही, मी स्वतः पाहिले आहे," असे त्यात मी लिहिले आहे. मी त्यांच्या ओट्याच्या आत कधी गेलेलो नाही. माझ्या हातची माळ खोटी ठरू नये, एवढ्यासाठी लिहिले.

५. परवा माळ परत मागितली. तो म्हणाला, "मी कोनता नियम मोडा, सांगा महाराज." माळ घालताना मी दारू, मांस, एकादशी सगळे सांगितले होते. बायकोवर हात उगारू नये, हे सांगितले नव्हते.

तरी सदर पत्र रद्द करावे. मजवर एखादे कलम बसत असल्यास लावावे. बसत नसल्यास तसे लेखी मात्र देऊ नये. तो कागद मी गावभर दाखवीन, इतका माझा मला भरवसा उरलेला नाही.

दिपमालाने आजवर कोणालाच काही सांगितले नाही, असे अमृतने आपल्याकडे म्हटल्याचे कळते. ते खोटे आहे. तिने तीनदा सांगितले. मला.

बोलवाल तेव्हा हजर राहणारा,
सुकदेव झुलाल पाटील
दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत : १. सदर पत्राची प्रत. २. तिन्ही भेटींच्या तारखा, माझ्या कीर्तनाच्या वहीतून.