पप्पांचं नाक

प्रिय दादा,

तू पाठवलेली यादी मिळाली. 'व्हिस्कीप्रेमी वडिलांसाठी खिशाला परवडणाऱ्या हटके भेटवस्तू', आणि खाली तुझं वाक्य: सलोनी, यातलं एक फायनल कर, मी ऑर्डर टाकतो. कुणीतरी कुठेतरी बसून जगातल्या सगळ्या बापांसाठी एकदाच लिहून टाकलेली यादी तू आपल्या बापासाठी पुढे ढकललीस आणि वर तिला हटके म्हणालास. उत्तर फोनवर देत नाही, कारण फोनवर तू ऐकत नाहीस. हो-हो करतोस आणि ठेवल्या ठेवल्या पप्पांना फोन लावून सगळं सांगतोस. आवडी आत्या उद्या मुंबईला निघते आहे, तिच्या हाती हे पाकीट देते. शेवटपर्यंत वाच, आणि वाचून झाल्यावर पप्पांना फोन करू नकोस. एवढं एक तरी जमव.

आधी तुझी यादी. व्हिस्की गार करायचे दगड मला सर्वांत आवडले, म्हणजे हसायला. बर्फ वितळताना उष्णता ओढून घेतो, म्हणून पेय गार होतं. दगड वितळत नाही. फ्रीजरमधून आणलेला जेमतेम गारवा देऊन टाकतो आणि मग ग्लासात नुसता पडून राहतो. आणि असे दगड विकत घेऊन द्यायचे कुणाला, तर ज्या माणसाच्या वरकस जमिनीत दगडांशिवाय फारसं काही निघत नाही, त्याला. नाव कोरलेला ग्लास म्हणशील, तर पप्पा ज्या स्टीलच्या पेल्यातून पितात त्यावर मोठ्या मामांचं नाव लग्नातल्या तारखेसकट आधीच कोरलेलं आहे. ओकच्या लाकडाचं छोटं पिंप पोलादपूरच्या पावसाळ्यात बुरशीने हिरवं होईल, आणि त्याआधीच आई त्यात कुळीथ भरून ठेवेल.

पण मुळात तो शब्द, व्हिस्कीप्रेमी. पप्पांच्या बाटलीवर मागे काय छापलेलं असतं ते तू कधी वाचलं आहेस का? मी वाचलं आहे. उसाच्या मळीचं स्पिरिट, रंगासाठी जळकी साखर आणि नावापुरतं माल्ट. आणि त्यावर रविवारी संध्याकाळी पडवीत चालतं ते नाटक तुला ठाऊक आहे. झाकण नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे, थोडं थांबायचं आणि सांगायचं, 'ह्याच्यात लाकूड हाय. जुना लाकूड.' शेजारचे गोमाजी काका लगेच मान डोलावतात, कारण बाटली पप्पांची असते. तू आलास की तूही डोलावतोस. 'मानलं पप्पा तुम्हाला!' मला ते वाक्य ऐकलं की उठून आत जावंसं वाटतं, आणि मी जाते. त्यावर तू म्हणतोस, सलोनीला कशाचं कौतुक नाही. बरोबर आहे. जळक्या साखरेत जुनं लाकूड सापडल्याचं कौतुक मला नाही.

या नाटकाचं मूळ कंपनीत आहे हेही तुला माहीत आहे, पण तू ते अभिमानाने सांगतोस, म्हणून मी माझ्या शब्दांत सांगते. पप्पांना त्यांच्या रसायनांच्या प्लँटवर 'मीटर' म्हणतात. एखादी टाकी धुवायची असली की मॅनहोल उघडतात, पप्पा पुढे होतात, वाकून आत नाक घालतात आणि म्हणतात, 'जा.' मग माणूस आत उतरतो. ड्रमवरचं लेबल निघालं असेल तर बूच उघडून हुंगतात आणि आत काय आहे ते सांगतात. खरं गॅस मीटर सुपरवायझरच्या केबिनमधल्या कपाटात असतं. बाहेरून कुणी तपासायला येणार असलं की ते चार्जिंगला लागतं. मी त्याच औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या टोकाला, औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. तिथे मी नमुन्याच्या बाटलीला नाक लावलं तर मला त्याच दिवशी घरी पाठवतील. आणि लहानपणापासून मला हीच गोष्ट पराक्रम म्हणून ऐकवली गेली.

तर भेट. ती मी तुझ्या यादीआधीच ठरवली होती. महाडच्या बाजारात होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या छोट्या काचेच्या बाटल्या मिळतात, त्या डझनभर आणल्या. प्रत्येकीत थोडं गरम पाणी आणि त्यात एकेक वास मुरवला. लवंग, जायफळ, सुकं खोबरं, मध, आमसूल, संत्र्याची साल, सागाचा भुसा, चुलीवरची काजळी, चपलेच्या कातड्याचा तुकडा, पिकलेल्या फणसाची साल. एकीत व्हिनेगर. आणि एकीत काहीच नाही, साधं पाणी. तपासणी करताना एक नमुना कोरा ठेवायचा असतो, नाहीतर माणूस खरं सांगतो आहे की सुचेल ते ठोकतो आहे ते कळत नाही. परदेशात व्हिस्कीचे शौकीन असे संच मोठी किंमत देऊन घेतात. माझा जवळजवळ फुकटात झाला, आणि त्यातले वास त्यांनी आयुष्यभर घेतलेले होते. स्वस्त, वेगळी, त्यांच्या आवडीची, तुझ्या सगळ्या अटींत बसणारी भेट. शिवाय तिच्यामुळे पडवीतलं सोंग उघडं पडलं असतं, आणि त्याला माझी काही हरकत नव्हती.

मी कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय पुढे देत नाही. म्हणून गेल्या रविवारी, लॅबचं काम आहे असं सांगून, बाटल्या पडवीत मांडल्या. पप्पा खूश. 'आन गो, बघूया तुझ्या लॅबचा फराळ.' गोमाजी काका नेहमीच्या जागेवर पाय पसरून बसलेले. पहिली बाटली पप्पांनी उजेडात धरली, रंग बघितला आणि म्हणाले, लवंग. बरोबर होतं. दुसरीचाही रंग बघितला. तेव्हा मी सगळ्या बाटल्या आत नेल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि जागा बदलून परत आणल्या. त्यानंतर एकही उत्तर बरोबर आलं नाही. लवंगेला ते मध म्हणाले. काजळीला संत्रं म्हणाले. फणसाच्या बाटलीचा वास झाकण उघडताच मला हातभर अंतरावरून येत होता, ती त्यांनी नाकाला टेकवली, डोळे मिटले, थांबले आणि म्हणाले, 'लाकूड.' कोऱ्या पाण्याला म्हणाले, 'हा मध. मघासचा तो दुसरा कायतरी होता.' गोमाजी काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. 'काय रे मीटर, नाक कंपनीत इसरलास काय? जा, सेकंड शिफ्टवाल्याकडना घेऊन ये!' आई आतून ओरडली, 'सर्दी हाय त्यांना, कशाला छळतेस गो?' फक्त व्हिनेगरच्या बाटलीला पप्पांनी मान झटकन मागे घेतली आणि म्हणाले, 'ही झोंबते.' कसली आहे ते नाही सांगितलं. नुसतं, झोंबते.

तिथे माझं हसू थांबलं. झोंबणं म्हणजे वास नव्हे, दादा. तिखट, उग्र काही असलं की नाकाच्या आतल्या कातडीला ते टोचतं, आणि त्या जाणिवेची वाट वासाहून वेगळी असते. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही झोंबतं. व्हिस्की झोंबते, म्हणून रविवार चालू आहेत. प्लँटवरची काही रसायनं झोंबतात, म्हणून तिथलंही चालू आहे. जी झोंबत नाहीत त्यांच्याबद्दल कुणी विचारलेलं नाही.

गोमाजी काका गेल्यावर पप्पा गोठ्यात गेले. मीही गेले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, 'कोणाला बोलू नको गो. आईला पन नको. रिटायर व्हायला वरीसभर राहिलाय माझा.' मी विचारलं, कधीपासून? तर मागच्या शिमग्याला चुलीवर पुरणाचं पातेलं करपलं, आई शेजाऱ्यांकडे गेलेली, हे समोरच बसलेले, आणि आईने येऊन आरडाओरडा केला तेव्हा यांना कळलं. म्हणजे वर्ष उलटलं. डॉक्टरला का नाही दाखवलं, तर 'डॉक्टर कागदावर लिवून देतो.' तेवढी अक्कल होती. मग मी विचारलं की मॅनहोलवर तुम्ही 'जा' कशाच्या जोरावर म्हणता? ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, 'राहुलच्या तोंडाकडं बघतो. पोरगा माझ्या बाजूलाच उभा असतो. त्याच्या तोंडावर काय दिसला तर थांब बोलतो. नाय दिसला तर जा.' आणि वर, जणू मला हायसं वाटावं म्हणून, 'माझा अनुभव पन हाय ना.'

राहुल आपला सख्खा चुलत भाऊ, म्हणून तुला वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षीपासून तो पप्पांच्याच शिफ्टला आहे. टाकीत उतरायचं काम बहुतेक वेळा त्याचंच. मंगळवारी पप्पा मोटारसायकलने पुढे गेल्यावर, तो कंपनीच्या बसला जाताना मी त्याला नाक्यावर गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, आत उतरताना मास्क लावतोस का? तर हसला. 'काका हायत ना! त्यांच्या नाकाफुडं मास्क कशाला?' मी विचारलं, तुला स्वतःला वास येत नाही का? 'येतो की. कधीकधी डोका गरगरतो. पन तोंड वाकडा केला का काका वरडतात. पहिल्या दिवशीच बोलले, बायकांवानी नाक मुरडू नको, हिथं पुरुषासारखा उभा रहा. म्हणून मी आपला चेहरा दगड ठेवतो.' हे त्याने अभिमानाने सांगितलं आणि बस आली म्हणून पळाला. खिडकीतून हातसुद्धा केला.

तर अशी ही व्यवस्था आहे. पप्पा राहुलच्या चेहऱ्याकडे बघतात. राहुल पप्पांच्या शिकवणीप्रमाणे चेहऱ्यावर काही येऊ देत नाही. तो पप्पांच्या नाकाच्या भरवशावर आत उतरतो, आणि पप्पा त्याच्या चेहऱ्याच्या भरवशावर त्याला उतरवतात. मध्ये कुणीही हवा तपासत नाही. मीटर कपाटात आहे. यालाच तुम्ही सगळे इतकी वर्षं अनुभव म्हणत आला आहात. मला नाकं गेलेल्या माणसांचा राग नाही, ते कुणाच्या हातात नसतं. इतकी वर्षं सॉल्व्हंटच्या ड्रमात नाक घातल्यावर ते टिकेल असं समजणाऱ्यांचा मात्र मला कंटाळा आला आहे. आणि तो ड्रम हुंगताना बघून टाळ्या वाजवणाऱ्यांचाही.

नंतर घरी मी पप्पांना सांगितलं की तुम्ही स्वतः जाऊन सेफ्टी ऑफिसरला सांगा, दुसरं काम मागून घ्या, स्टोअरमध्ये बसा, गेटवर बसा. म्हणाले, 'गेटवर? मी? लोक काय बोलतील, मीटर वाचमन झाला?' मग मी राहुलचं सांगितलं, तो चेहरा का हलवत नाही ते. मला वाटलं होतं, एवढं ऐकल्यावर पुरे. ते उठून म्हशीला वैरण टाकून आले. मग म्हणाले, 'मी सांगेन त्याला, तोंड वाकडा केलास तरी चालेल म्हणून.' एवढाच उपाय त्यांना सुचला.

म्हणून हे पत्र. रविवारी वाढदिवस आहे, सोमवारी त्यांची फर्स्ट शिफ्ट. रविवारपर्यंत त्यांनी स्वतः सांगितलं नाही तर सोमवारी सकाळी मी माझ्या लॅबला जायच्या आधी त्यांच्या कंपनीच्या ऑफिसात जाणार आहे आणि सेफ्टी ऑफिसरला सांगणार आहे, लेखी, माझ्या नावाने. पप्पांना मी हे सांगून ठेवलं आहे. पाठीमागून करण्यासारखं यात काही नाही. कंपनी त्यांना गेटवर बसवेल, घरी पाठवेल किंवा आणखी काही करेल, मला माहीत नाही, आणि त्यावर माझा निर्णय अवलंबून नाही. ते माझ्याशी बोलायचं बंद करतील. तेही मी धरून चालले आहे. तू मात्र शनिवारी रात्रीची गाडी पकड, वीर स्टेशनला उतर, रिक्षाने महाडला आणि तिथून घरी ये. सोबत काही आणू नकोस. सोमवारची रजा काढ. दुपारी ते घरी येतील तेव्हा आई रडत असेल, गोमाजी काका मजा बघायला आलेले असतील, आणि मी कामावर असेन, कारण मला समोर बघून त्यांना आणखी त्रास होईल. त्या वेळी त्यांच्यासमोर असा माणूस हवा, जो त्यांच्याबरोबर मला शिव्या घालेल, कार्टी माजली म्हणेल, आणि तुमच्यासारखा ऑपरेटर कंपनीला परत मिळणार नाही असं सांगून त्यांना जेवायला बसवेल. मला ते येत नाही. तू आयुष्यभर त्यांची बाजू घेत आलास आणि मला त्याची चीड येत आली. या सोमवारी घे. पूर्ण घे, माझी पर्वा करू नकोस.

येतोस ना?

तुझीच, तू त्यांच्या बाजूने असलास तरी,
सलोनी