निसर्गाची हाक, दिवसातून किती वेळा?

३ मे २००६, पुंगोल
प्रोफेसरबाईंनी बोलावलं. माणसाला निसर्ग किती जवळचा वाटतो, हे मोजायचा आमचा प्रोजेक्ट. त्यातला सिंगापूरच्या मराठी लोकांचा भाग माझा. नीट झाला तर कॉन्ट्रॅक्ट वाढेल, नाहीतर जूनअखेर इथला नोकरीचा पास रद्द, सामान बांधा. किरकोळ काम. मी जन्मजात निसर्गप्रेमी. उद्यापासून पहाटे पाचला फिरायला.

४ मे, सकाळी ९
पाऊस येईलसं वाटलं. झोपलो.

६ मे
इंग्रजी फॉर्म फार कोरडा. मी त्याचं मराठीत सोनं केलं: ‘दिवसातून किती वेळा तुम्हाला निसर्गाची हाक येते?’ स्वतःलाच गहिवरून आलं. दीप्ती म्हणाली, छापण्याआधी मला एकदा दाखव. बायको असली तरी इंजिनिअर, तिला भाषेतलं काय कळतंय. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खरंय. नाही दाखवला.

१२ मे, वेसाक डेची, म्हणजे बुद्धपौर्णिमेची सुट्टी
वुडलँड्सला प्रमोद कांबळेच्या फ्लॅटवर वंदना, मग खीर, मग माझे फॉर्म. लेकीला, राणीला ताप, म्हणून दीप्ती घरीच. बेचाळीस जणांनी भरले. भरताना एकमेकांकडे बघून हसत होते. निसर्गाचं नाव काढलं की चेहरे कसे खुलतात बघा! प्रमोदच्या आई, शांताबाई, हळूच म्हणाल्या, “रात्रीचंसुदिक धरायचं का रं बाबा?” मी म्हटलं, रात्रीचं तर आधी धरा.

१३ मे
सरासरी सहा! साठीपुढच्यांत नऊ. एकाने शेरा लिहिलाय, ‘चहा घेतला की लगेच.’ दुसऱ्याने, ‘लिफ्ट अडकली की जास्त.’ काँक्रीटमध्ये कोंडलेल्या जिवांची तडफड! चालायला जायचंच होतं, पण बूट घ्यायचे राहिलेत.

२२ मे
प्रोफेसरबाई खूश. एवढा आकडा त्यांनी कुठेच पाहिलेला नाही. डिपार्टमेंटपुढे बोलायला सांगितलंय. किचनमध्ये पाल निघाली, म्हणून बेडरूमचं दार लावून, एसीत तयारी केली.

२ जून
बोललो. फॉर्म पडद्यावर दाखवला. हॉस्पिटलमधून आलेल्या डॉ. संजीवनी गजभिये आधी खोकल्या, मग टेबलाखाली पेन शोधू लागल्या, मग प्रोफेसरबाईंच्या कानाला लागल्या. जळतात मेले लोक.

घरी येऊन दीप्तीला फॉर्म वाचून दाखवला. ती हसली, मग हसायची थांबली. “अरे उज्ज्वल, या लोकांनी लघवीला किती वेळा जातात ते लिहिलंय.”

कॅलेंडरवर जूनअखेरपर्यंतचे दिवस मोजले. राणी आत्ता कुठे शाळेत रुळली होती. जेवलो नाही.

२८ जून
प्रोफेसरबाईंनी कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. पण दुपारी संजीवनीबाईंचा फोन. लोक ही माहिती डॉक्टरलासुद्धा इतकी मोकळेपणी देत नाहीत, तुम्ही कशी काढलीत, म्हणाल्या. त्यांच्या मूत्रविकार विभागात वर्षाची नोकरी. पास तिथूनच मिळेल. सोमवारी बाटल्या घेऊन सेम्बावांगला घरोघरी.

हो म्हणालो. नागपूरला आईला फोन करून कळवलं, जलसंशोधनात घेतलंय.