एकशेवीस काय?

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. मोठी आहे म्हणून द्यावे लागतात. इकडे सगळं ठीक. माझ्या शिवणाच्या दुकानात शाळेच्या गणवेशांची रास पडली आहे. बाबांचा खोकला गेला, गुडघे मात्र तसेच.

तू तळ्यापलीकडे राहायला गेल्यापासून बाबा खिडकी सोडत नाहीत. मोजणीची जुनी दुर्बीण तिवईवर चढवून तुझ्या घरामागची पाण्याची टाकी बघत बसतात. पायथ्यापासून टोकापर्यंत कोन दीड अंश. तू फोनवर म्हणालीस, टाकी एकशेवीस उंच आहे, बोर्डावरच लिहिलंय. बाबांनी लगेच एकशेवीसला दीड अंशाच्या टॅनने भागलं आणि जाहीर केलं, की बांधावरून सरळ चाललं तरी साडेचार किलोमीटरच्या वर आहे, बिचारी वरचेवर कशी येणार?

झालं. तुझ्या न येण्याला गणिताचा दाखला मिळाला. मी केलेल्या चहात साखर कमी पडली तर दिवसभर ऐकावं लागतं, आणि तू महिनोन्‌महिने फिरकली नाहीस तरी बिचारी.

मग तू नव्या सायकलीसोबतचा फोटो पाठवलास. मी तुझ्याकडे बघितलंच नाही, मागचा बोर्ड मोठा करून वाचला. १२० फूट. फूट, बारके, मीटर नव्हे. म्हणजे सदतीस मीटरसुद्धा नाहीत. बाबांच्याच कागदाच्या पाठीवर मी पुन्हा भागाकार केला. जेमतेम चौदाशे मीटर आलं. माझं दुकान याहून लांब आहे.

ज्या माणसाने जन्मभर जमिनी मोजल्या, एकक न लिहिता आकडा मांडला की आपल्या वहीवर काट मारली, त्याने ही चूक करावी? अजूनही मी कापड तीन लागेल म्हटलं की विचारतात, तीन काय, वार की मीटर? मला विचारतात. तुला नाही विचारलं. तू एकशेवीस म्हणालीस आणि त्यांनी मुकाट उतरवून घेतलं. चूक सापडल्याचा मला आनंद झाला तो त्यापायीच. जळते म्हण हवं तर, मी नाही म्हणणार नाही.

काल जेवताना फोटो त्यांच्यापुढे धरला. वाटलं, आता तरी 'बिचारी' बंद होईल. त्यांनी चष्मा पुसला, बोर्ड वाचला, बोटांवर हिशेब केला. चुकीबद्दल अवाक्षर नाही. चेहरा असा उजळला की माझा घास तोंडातच राहिला.

"अगं, म्हणजे मला चालत जाता येईल."

करायला गेले एक अन् झालं भलतंच. कित्येक महिन्यांत जिना न उतरलेला माणूस, त्याने माळ्यावरचे बूट काढायला लावले आणि पिशवीत दोन सदरे भरले. चार दिवस राहीन म्हणतो, तुलाही तेवढीच मोकळीक, म्हणाले. मी कधी मागितली होती मोकळीक? त्यांच्या खाटेपासून माझी खाट हातभर अंतरावर आहे. ते कोण मोजणार? हाताशी असलेल्याला कुणी दुर्बीण लावत नाही.

रविवारी सकाळी त्यांना बांधावरून घेऊन येते. हात माझा धरतील आणि बघतील तुझ्या टाकीकडे, हे मला आत्ताच दिसतं आहे. त्यांना मऊ उशी देऊ नकोस, मान धरते. संध्याकाळी पायाला तेल लावावं लागतं. ते नको म्हणतील, तरी लाव.

आणि आणखी राहतो म्हणाले तर लगेच हो म्हणू नकोस. ते तिकडे रमले तर मी इथे कुणासाठी लवकर दुकान बंद करून येऊ? पाचव्या दिवशी मी न्यायला येईन. तू पोचवायला येऊ नकोस.

तुझी, आणि तू जन्मायच्या आधी पाच वर्षं त्यांची एकुलती एक,
ताई